प्रतीत्यसमुत्पाद: अर्धंच सूत्र पाठ असलेल्यांचा वाद

माझे एक काका गेलं दीड वर्ष डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, हातात दोन जाड सुया. मध्यंतरी एक नातेवाईक त्यांना भेटायला आले आणि खुर्ची ओढून बसता बसताच सांगून मोकळे झाले की भोग असतात हे, मागचं फेडल्याशिवाय सुटका नाही, आणि वर म्हणे बुद्धानं पण हेच सांगितलंय, प्रतीत्यसमुत्पाद (शब्दाचा साधा अर्थ, कशाच्या तरी आधारानं उपजणं). काका काही बोलले नाहीत, नुसती मान भिंतीकडे वळवली. बाहेर आल्यावर मात्र पॅसेजमध्येच वाद पेटला. चुलतभाऊ म्हणाला म्हणूनच मी बुद्धालाही त्याच रांगेत बसवतो, कर्मसिद्धांतच आहे तो, नुसतं लेबल बदललंय. वहिनी ध्यानाच्या शिबिरांना जाते, ती म्हणाली तुम्हाला दोघांनाही कळलेलं नाही, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे विश्वातलं सगळं सगळ्याशी कनेक्टेड आहे, क्वांटम फिजिक्स आज तेच सांगतंय. तिघंही तावातावानं बोलले आणि माझ्या मते तिघंही चुकले.

हे फक्त आमच्या घरातलं भांडण असतं तर लिहायला बसलो नसतो. पण कुठल्याही व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं ऐका, हीच तीन माणसं तीन वेगळ्या चेहऱ्यांनी उठून उभी राहतात. एकाला त्यात नशीब दिसतं, एकाला अंधश्रद्धा आणि एकाला विश्वाचं मधुर संगीत. आणि तिघांचाही घोटाळा एकाच जागी आहे, तिघांनाही सूत्र अर्धंच पाठ आहे. पालीमध्ये ते असं आहे: इमस्मिं सति इदं होति, इमस्सुप्पादा इदं उप्पज्जति. हे असलं की ते होतं, हे उपजलं की ते उपजतं. इथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात. पण पुढची ओळ आहे, इमस्मिं असति इदं न होति, इमस्स निरोधा इदं निरुज्झति. हे नसलं की ते होत नाही, हे थांबलं की ते थांबतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा सिद्धांत या दुसऱ्या ओळीसाठी आहे, पहिली ओळ ही तिची पूर्वतयारी. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे जग कसं बनलं याची थिअरी नाही आणि कोणाला का भोगावं लागतंय याचा निवाडा तर नाहीच नाही, दुःख कशाकशाच्या आधारावर उभं आहे ते बघून त्यातला कुठला आधार काढता येईल हे शोधायची रीत आहे ती. आणि हा काही माझा आधुनिक शहाणपणा नाही. बुद्धाचा शिष्य अस्सजी यानं पुढे बुद्धाचा पट्टशिष्य झालेल्या सारिपुत्ताला जी गाथा ऐकवली, ये धम्मा हेतुप्पभवा (जे कारणांतून उपजतं) वाली, ती पुढे नालंदेपासून पार बालीपर्यंत मातीच्या छोट्या छोट्या मुद्रांवर उमटवली गेली. अंगठ्याएवढी मुद्रा, अक्षरं कोंबून कोंबून बसवलेली, तरी ‘तेसञ्च यो निरोधो’, म्हणजे ‘आणि त्यांचा जो निरोध’, हे कुणी गाळलं नाही. मुद्रेवर मावतं ते आपल्या व्याख्यानांत का मावत नाही?

आधी वहिनीचा मुद्दा घेतो, कारण तो सगळ्यात गोड आहे आणि म्हणून सगळ्यात जास्त खपतो. त्यात तथ्य नाही असं नाही. सारिपुत्तानंच महाकोट्ठित नावाच्या भिक्खूला दाखला दिलाय की वेताच्या दोन पेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या असाव्यात, एक ओढली की दुसरी पडते, तसं विज्ञान (इथे अर्थ जाणीव, सायन्स नव्हे) आणि नामरूप (मन-शरीर) एकमेकांच्या आधारानं उभे आहेत. पुढे अवतंसक नावाच्या बौद्ध परंपरेत, विशेषतः चीनमध्ये, इंद्राच्या जाळ्याची कल्पना बहरली, प्रत्येक रत्नात बाकी सगळ्या रत्नांचं प्रतिबिंब. सुंदर आहे, वादच नाही. पण सारिपुत्ताच्या पेंढ्या दोनच आहेत हे बघा ना! कुठली पेंढी ओढली की काय पडतं ते त्यात नेमकं सांगितलंय. मूळ सूत्र ‘हे’ आणि ‘ते’ असं बोट दाखवून बोलतं, ‘सगळं’ आणि ‘सगळं’ असं नाही. सगळंच सगळ्याचं कारण असेल तर काढायचं काय? ताप आलेल्याला डॉक्टरनं सांगितलं की तुमच्या तापाला अख्खं ब्रह्मांड जबाबदार आहे, तर ते खोटं ठरवता येणार नाही कदाचित, पण पेशंट त्या डॉक्टरकडे परत जाणार नाही हे नक्की. क्वांटमचं तर सोडूनच द्या, ज्याला दोन्हीतलं एक धड येत नाही तो दुसऱ्याची साक्ष काढतो.

उलट बाजूनं एक चूक होते ती म्हणजे ‘एक’ कारण शोधायची. इथे पाचव्या शतकातला बौद्ध भाष्यकार बुद्धघोष फार कामाचा आहे. विसुद्धिमग्ग या आपल्या ग्रंथात तो स्पष्ट म्हणतो की एका कारणातून एक परिणाम असं कधी नसतं, पुष्कळ कारणांतून पुष्कळ परिणाम असतात, शिकवताना मात्र त्यातलं एक ठळक कारण आणि एक ठळक परिणाम घेऊन सांगितलं जातं. मलेरियाचं उदाहरण घ्या. नावाचाच अर्थ इटालियनमध्ये वाईट हवा. शेकडो वर्षं लोक समजत होते की दलदलीतून उठणाऱ्या घाण हवेनं हा ताप येतो. 1880 मध्ये लावेराँला अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला, 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला डासाच्या पोटात तो सापडला. आता सांगा मलेरियाचं कारण काय? परजीवी? डास? साचलेलं पाणी? की उघड्यावर झोपलेला माणूस? यातलं कुठलंही एक एकट्यानं ताप आणू शकत नाही, आणि कुठलंही एक काढलं तर साखळी अडते. गंमत अशी की वाईट हवेची थिअरी साफ चुकीची असतानाही ज्यांनी दलदली उपसल्या त्यांच्याकडे ताप कमी झाला, कारण हात योग्य कडीला लागला होता. अख्खी साखळी पाठ असणं वेगळं आणि एक कडी हातात येणं वेगळं.

आता त्या नातेवाइकांचा मुद्दा. इथे मला प्रामाणिकपणे मान्य करायला हवं की ग्रंथ पूर्णपणे माझ्या बाजूनं नाहीत. बारा निदानं, म्हणजे या साखळीच्या बारा कड्या बघा, अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन (सहा इंद्रियं), स्पर्श (इंद्रियाचा विषयाशी संपर्क), वेदना (त्याचा बरावाईट अनुभव), तृष्णा, उपादान (धरून ठेवणं), भव, जाति, जरामरण. यात जाति म्हणजे जन्म सरळसरळ आहे, आणि बुद्धघोषानं ही साखळी तीन जन्मांवर पसरून समजावली, तीच मांडणी थेरवादात, म्हणजे श्रीलंका-थायलंडकडच्या बौद्ध परंपरेत, रूढ झाली. विसाव्या शतकात थायलंडच्या बुद्धदास भिक्खूंनी याला जोरदार विरोध केला, म्हणाले ही साखळी मनात क्षणाक्षणाला फिरते, त्यासाठी मरायची वाट बघायला नको. मला त्यांचं पटतं, पण पटतं म्हणून पुनर्जन्म ग्रंथात नव्हताच, नंतर कुणीतरी घुसवला, असं म्हणायची माझी तयारी नाही, ती पळवाट झाली. तेव्हा मान्य, कर्म आहे, विपाक म्हणजे कर्माचं फळ आहे, जन्म आहे. पण म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘तुझंच मागचं’ म्हणायचा परवाना मिळतो का? हा प्रश्न थेट बुद्धालाच विचारला गेला होता. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक येतो आणि म्हणतो, काही लोकांचं म्हणणं आहे की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, तुमचं काय म्हणणं? बुद्ध म्हणतो, काही वेदना पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्हींच्या एकत्र बिघाडानं, काही ऋतू बदलला म्हणून, काही शरीराची नीट काळजी न घेतल्यानं, काही कोणी मारहाण केल्यानं आणि काही कर्मविपाकानं. आठातलं एक! आणि पुढे म्हणतो की सगळंच पूर्वकर्मामुळे म्हणणारे स्वतःला जे अनुभवानं माहीत आहे त्याच्याही पलीकडे धावतायत आणि जगात जे खरं मानलं जातं त्याच्याही, म्हणून ते चूक आहेत. काकांचं बीपी दहा-बारा वर्षं वाढलेलं होतं आणि गुडघ्यांसाठी ते मनानंच पेनकिलर खात होते, दोन्हींनी किडनी जाते हे कुठलाही डॉक्टर सांगेल. सीवकाच्या यादीत हे सहाव्या नंबरला बसतं, आठव्यापर्यंत जायची गरजच पडत नाही.

अंगुत्तरनिकाय या बुद्धाच्या सुत्तांच्या (प्रवचनांच्या) संग्रहात याच्याही पुढे जाऊन तीन मतं नाकारली आहेत, सगळं पूर्वकर्मानं होतं, सगळं ईश्वराच्या इच्छेनं होतं आणि सगळं विनाकारण होतं. कारण एकच दिलंय, ही तिन्ही मतं धरली की ‘हे करावं, हे करू नये’ म्हणण्यात काही अर्थच उरत नाही. पूर्वकर्मवाद्याला बुद्ध विचारतो, मग खून करणारा पण पूर्वकर्मामुळेच खून करतो का? बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा समाजाच्या अंगानं ओढला. ते म्हणाले की गरिबांच्या आणि दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यानं आणि समाजानं झटकावी, यापलीकडे पूर्वजन्माच्या कर्माच्या या सिद्धांताला दुसरा हेतू दिसत नाही. काहींना ते बाबासाहेबांचं स्वतःचं घातलेलं वाटतं. पुनर्जन्माच्या बाबतीत ते परंपरेपासून लांब गेले हे खरंच आहे, पण सगळ्या भोगांचं खापर पूर्वकर्मावर फोडणं बुद्धाला मंजूर नव्हतं, एवढ्या बाबतीत तरी सीवकाचं सुत्त त्यांच्या बाजूनं उभं आहे.

चुलतभावाचा आक्षेप मात्र खरा अवघड आहे, आणि तो त्यानं वाईट पद्धतीनं मांडला म्हणून मी त्याला सोडून देणार नाही. तो असा मांडायला हवा: सगळं जर कारणांवर अवलंबून असेल तर माझी इच्छा, माझा निश्चय, माझं ध्यानाला बसणं हे पण कारणांवर अवलंबून. मग मी कडी तोडली असं म्हणण्यात ‘मी’ कुठे आला आणि ‘तोडली’ कुठे आलं? कर्माच्या जागी कारणं आली, नशीब तेच राहिलं की. बुद्धाच्याच काळात असं म्हणणारा एक माणूस होता, मक्खली गोसाल. त्याचा दाखला सामञ्ञफल सुत्तात आलाय, सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत उलगडत सूत संपेपर्यंत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे सगळे आपापल्या फेऱ्या पुऱ्या करून दुःखाच्या शेवटाला पोचतात, मध्ये कुणाच्या प्रयत्नानं काही होत नाही. आणि आता महानिदान सुत्त काढा. बुद्धाचा शिष्य आनंद म्हणतो, भगवान, हा प्रतीत्यसमुत्पाद गंभीर म्हणतात पण मला तर अगदी सोपा वाटतो. बुद्ध म्हणतो असं म्हणू नकोस आनंदा, हा न कळल्यामुळेच लोक गुंता झालेल्या सुतासारखे अडकलेत. दोघांच्याही हातात सूतच आहे बघा. गोसालाच्या हातातलं आपोआप उलगडतंय, तिथे बघत बसायचं. बुद्धाच्या हातातलं गुंतलंय, ते बसून सोडवावं लागणार, आणि गुंता सोडवणाऱ्याला माहीत असतं की कुठलीही गाठ ओढून चालत नाही. दोघांनाही कार्यकारण मान्य असेल, पण एकाच्या कार्यकारणात माणसाचा प्रयत्न हे कारणच धरलेलं नाही. प्रयत्न कारणांतून येतो म्हणून तो खोटा कसा ठरेल? औषध पण कारखान्यातूनच येतं, म्हणून ते लागू पडायचं थांबतं का?

आणि ‘मग करणारा कोण’ या प्रश्नावर बुद्धाचं उत्तर फार लोकांना पळवाट वाटतं, मला ते सगळ्यात धीट वाटतं. मोळियफग्गुन नावाचा भिक्खू विचारतो, स्पर्श कोण करतं, वेदना कोणाला होते, तृष्णा कोण धरतं? प्रत्येक वेळी उत्तर एकच, प्रश्न बरोबर नाही, ‘कोण’ नको विचारू, ‘कशामुळे’ विचार. साती नावाचा भिक्खू सांगत फिरायचा की हेच विज्ञान, हेच्या हे, जन्मोजन्मी धावत जातं. त्याला बुद्धानं चांगलाच झापलाय, मोघपुरिस म्हणजे निष्फळ, मूर्ख माणूस म्हणून, आणि दाखला दिलाय विस्तवाचा. लाकडावर पेटला तर लाकडाचा विस्तव, गोवरीवर पेटला तर गोवरीचा, भुशावर पेटला तर भुशाचा. विस्तव म्हणून वेगळा कुणी नाही जो या जळणातून त्या जळणात उडी मारतो. आता या विस्तवाला विझवायचं तर ‘तू कोण’ विचारत बसणार की जळण ओढणार? इच्छास्वातंत्र्याचा तत्त्वज्ञानातला शेवटचा निकाल यातून लागत नाही हे मी कबूल करतो. पण जळण ओढायला त्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं हाच आक्षेप उलटा फिरवलाय. मूलमध्यमककारिका या त्याच्या ग्रंथाच्या 24व्या प्रकरणात प्रतिपक्ष म्हणतो, सगळं शून्य, म्हणजे स्वतःचा स्वभाव नसलेलं, असेल तर तुमची चार आर्यसत्यं बुडाली, धर्म बुडाला, संघ बुडाला. नागार्जुन म्हणतो बाबा रे, तू घोड्यावर बसलायस आणि घोडाच विसरलायस. वस्तूंना स्वतःचा अढळ स्वभाव असता, त्या कशावरही अवलंबून नसत्या, तर दुःख उपजलंच नसतं आणि संपलंही नसतं, शिकणारा शिकला नसता. जे प्रतीत्यसमुत्पन्न आहे त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो, असं त्याचं प्रसिद्ध वचन इथलंच. म्हणजे चुलतभावाला जे कुलूप वाटतंय ती किल्ली आहे, गोष्टी परावलंबी आहेत म्हणूनच बदलतात.

इथे मी शहाणा वाटत असेन तर त्याच दिवसाची गोष्ट सांगतो. पॅसेजमध्ये चुलतभाऊ मला म्हणाला, “तुला पाली तरी येतं का रे?” आवाज कानावर पडला, स्पर्श. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पोटात काहीतरी आवळलं, वेदना. इथपर्यंत माझा काही इलाज नव्हता. पण तिथून पुढे, त्याला गप्प करावंसं वाटणं आणि मग ‘मी अभ्यास केलेला माणूस’ ही पाटी छातीशी धरणं, या दोन पायऱ्यांच्या आधी मला वाटतं दोन सेकंद तरी मिळाले होते. मी ते घालवले. त्याच्या नोकरीवरून त्याला बोललो, ज्याचा विषयाशी काडीचा संबंध नव्हता. रात्री दीड वाजता त्याला मनातल्या मनात तिसऱ्यांदा उत्तर देत होतो. वेदनेपासून तृष्णेपर्यंतची कडी तोडा असं जे सांगतात ना, ती कडी अशी दोन सेकंदांची असते.

शेवटचा एक आक्षेप राहतो आणि तो डाव्या बाजूनं येतो. हे सगळं ज्याच्या त्याच्या मनातलं झालं, पण उपाशी माणसाला तुझी तृष्णा सोड म्हणणं ही क्रूर थट्टा आहे, अन्यायाचं काय? हा आक्षेप आजच्या ध्यानाच्या बाजारावर शंभर टक्के लागू आहे, कामाचे तास कमी न करता माणसांना श्वासाकडे बघायला लावणं म्हणजे चुकीची गाठ ओढणंच. मूळ सिद्धांतावर मात्र तो लागू नाही. त्याच महानिदान सुत्तात तृष्णेपासून एक दुसरी फांदी फुटते जी बारा निदानांच्या तक्त्यात येत नाही म्हणून कुणी वाचत नाही. तृष्णेतून शोधाशोध, शोधाशोधीतून लाभ, लाभातून हे कुणाचं ते कुणाचं याचा हिशेब, त्यातून आसक्ती, पकड, मालकी, मालकीतून कंजुषी, कंजुषीतून राखण, आणि राखणीतून काठ्या उगारणं, शस्त्रं उचलणं, भांडणं, चहाड्या, खोटं. मनात सुरू झालेली गोष्ट कुंपणाला आणि तलवारीला जाऊन पोचते. चक्कवत्ति-सीहनाद सुत्त तर राजवाड्यातूनच सुरू होतं. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढतं, दारिद्र्यातून चोरी. पहिल्या चोराला राजा पैसे देतो, ते ऐकून आणखी लोक चोरीला लागतात, मग राजा घाबरून एकाचा शिरच्छेद करतो, ते बघून लोक म्हणतात आपणही तलवारी परजू आणि ज्यांना लुटू त्यांची डोकी उडवू. माणसाचं 80,000 वर्षांचं आयुष्य घसरत घसरत 10 वर्षांवर येतं. आकडे पुराणातले आहेत, कड्या नाहीत. यात गरिबाला कुठेही म्हटलेलं नाही की तुझं मागचं पाप, साखळीची पहिली कडी राजाच्या खजिन्यात आहे.

मग व्यक्ती जबाबदार की व्यवस्था, या आपल्या रोजच्या भांडणाचं काय? राजगृहात बुद्ध भिक्षेला निघालेला असताना अचेल (नग्न साधू) कस्सप त्याला रस्त्यात गाठतो. बुद्ध म्हणतो ही वेळ नाही, आम्ही वस्तीत शिरलोय. कस्सप हट्टच धरतो, तीनदा. दुःख आपलं आपण केलेलं असतं का? असं म्हणू नकोस कस्सपा. दुसऱ्यानं केलेलं? असं म्हणू नकोस. दोघांनी मिळून? विनाकारण? तेही नाही. मग दुःख नाहीच का? आहे ना, बुद्ध म्हणतो, मी ते जाणतो, पाहतो. आणि मग सांगतो काय, तर अविद्येमुळे संस्कार, संस्कारांमुळे विज्ञान, आणि त्याच दमात, अविद्या थांबली की संस्कार थांबतात. दोष कुणाच्या नावावर लिहायचा हा रकानाच त्याच्या वहीत नाही.

परवा काकांकडे पुन्हा गेलो होतो. मशीन चालू होतं, चुलतभाऊ पायाशी बसला होता, आमचं बोलणं अजून तुटकच. मी सीवकाचं सुत्त काकांना साध्या भाषेत सांगितलं, आठही कारणं, बोटांवर मोजत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सहाव्यावर मला थांबवलं. मग मुलाकडे वळून विचारलं, “तुझं बीपी शेवटचं कधी बघितलं होतंस रे?” त्याला आठवेना. नर्सला हाक मारून काकांनी त्याला तिथेच बाही वर करायला लावली.